अळीची कात व निंबोळीचा अर्क

पनवेलजवळील ओवे गावी काय, किंवा कोकणात जेथे भाताची खाचरे आहेत तेथे काय, लष्करी अळीची ओळख जाणत्या शेतकऱ्यास करून देणे नलगे. तिजवर निंबोळी अर्क फवारला असता दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच दिसतात, आणि औषध वाया गेले असे समजून पुष्कळ जण लागलीच जहाल विष आणण्यास धावतात. हा खर्च बहुधा उतावळेपणाचा असतो. तो कसा, हे पाहू.

अळीची त्वचा अंगाबरोबर फारशी वाढत नाही. म्हणून तिला वेळोवेळी कात टाकावी लागते. ती वेळ ठरविणारे एक्डायसोन नावाचे स्टेरॉइड संप्रेरक डोक्यामागील ग्रंथीत तयार होते. त्यास लागणारे मूळ द्रव्य अळीस स्वतः बनविता येत नाही. ते ती आपल्याच पिकाच्या पानांतून मिळविते.

हे संप्रेरक किंचित पालटून अंगभर पसरते व पेशीत शिरून तेथील ग्राहक प्रथिनास जडते. मोरी उघडताच नेमक्या खाचरात पाणी शिरावे, तशी ह्या संयोगाने नेमकी जनुके जागी होतात. त्यांच्या आज्ञेने प्रथिने बनतात. त्यांपैकी काही आणखी जनुकांस जागे करतात, आणि अखेर नवी कात घडते. १९६० साली जर्मनीत क्लेव्हर व कार्लसन ह्यांनी एका चिलटासारख्या कीटकाच्या अळीस एक्डायसोन टोचले, तेव्हा तिच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे ठराविक जागी फुगली. जनुके जागी झाल्याची ती खूण होय. गाईचा गर्भ राखणारे प्रोजेस्टेरॉनही मुख्यतः ह्याच रीतीने काम करते.

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे एक्डायसोन वेळेवर सुटू देत नाही. आज्ञाच न पोचल्याने अळीस कात टाकता येत नाही व ती काही दिवसांनी मरते. तत्पूर्वी तिचे खाणेही मंदावते. सबब अर्काची परीक्षा मेलेल्या अळ्या मोजून नव्हे, तर तीन-चार दिवसांनी नवी पाने कितपत कुरतडली गेली हे पाहून करावी.

पाच किलो सुकी निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, फडक्याने गाळावी व एकंदर १०० लिटर द्रावण करावे. उन्हाने अर्काचा गुण जातो, म्हणून सायंकाळी फवारावे. मात्र अळ्या लहान असतानाच हा उपाय योजावा. पूर्ण वाढलेल्या अळीच्या बहुतेक काती टाकून झालेल्या असतात; ती लोंब्या तोडू लागल्यावर केवळ निंबोळीवर विसंबणे हिताचे नाही.