चार्जरवरचा सेल आणि चालू दिवा (लेखांक ७)

लिथियम-आयन सेल आधी ठरावीक प्रवाहाने आणि ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर त्याच दाबावर ओसरत्या प्रवाहाने भरला जातो, आणि हा प्रवाह मूळच्या दशांशावर उतरला की चार्जर थांबतो, हे गेल्या लेखांकात आले. मात्र त्याच वेळी सेलच्या टोकांवर दिवाही जोडलेला असेल, तर हा दशांश नेमका कोणाचा, हे बुरोंडीहून आलेल्या विचारणेमुळे आधी पाहावे लागत असून सौर पॅनेलचे कबूल केलेले प्रकरण आठवडाभर लांबणीवर पडत आहे.

विचारणा रास्त आहे. मासेमारी नौकेवर इंजिनाचा अल्टरनेटर, १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी, दिवे आणि वायरलेस वर्षानुवर्षे एकाच जोडणीवर चालतात, मग घरच्या दिव्यालाच वेगळा न्याय का? कारण नौकेवरचा रेग्युलेटर केवळ दाब १४ व्होल्टच्या आसपास धरतो. किती प्रवाह बॅटरीत गेला आणि किती दिव्यांत, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

याउलट टीपी४०५६ या स्वस्त व सर्रास मिळणाऱ्या चार्जर-चिपचा निर्णय प्रवाहावरच अवलंबून असतो. ती १ अँपिअरला बसवली, तर १०० मिलीअँपिअरला थांबते. दिवा १५० मिलीअँपिअर घेत असेल, तर भरलेला सेल जेमतेम ३० घेत असतानाही चिपला १८० दिसतात, ती थांबत नाही आणि सेल ४.२ व्होल्टवर ताटकळत राहून लवकर म्हातारा होतो. उलट टोकाला, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत वीज कित्येक दिवस नव्हती, तशा काळात सेल पार उतरतो, २.९ व्होल्टखाली चिप त्याला सावकाश, दशांश प्रवाहानेच भरते, आणि दिवा लावलेलाच असेल तर हे १०० तोच खाऊन वर सेलमधून ५० ओढतो. वीज येऊनही सेल उतरतच जातो, आणि दोष मात्र चार्जरला दिला जातो!

उपाय म्हणजे भाराची वाट वेगळी करणे. अडॅप्टरचे ५ व्होल्ट शॉटकी डायोडमधून, म्हणजे कमी दाब खाणाऱ्या एकदिशा झडपेतून, थेट दिव्याकडे न्यावेत आणि सेल व दिवा यांच्यामध्ये पी-चॅनेल मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवून त्याचे गेट अडॅप्टरच्या धन टोकाला जोडावे, तसेच मोठ्या रोधातून ऋण टोकालाही. वीज असेतो स्विच बंद राहून चिपला एकटा सेल दिसतो, वीज जाताच गेट खाली येऊन सेल दिवा सांभाळतो. अडॅप्टर अर्थातच दोघांना पुरेल एवढा हवा.

मॉसफेटचे ड्रेन सेलकडे आणि सोर्स दिव्याकडेच हवे. त्याच्या अंगभूत डायोडची दिशा तेव्हा सेलकडून दिव्याकडे असते, त्यामुळे स्विच चालू होईपर्यंतच्या क्षणातही दिवा विझत नाही. पाय उलटे बसले, तर शॉटकीतून आलेला सुमारे ४.७ व्होल्टचा दाब याच डायोडमधून चार्जरला वळसा घालून सेलमध्ये शिरतो, आणि त्याला ४.२ वर अडवणारे तेथे कोणीच नसते.