फाळक्यावरची पंगत आणि सर्वांची एक बस

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या फोनवरच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : 'टेलगेट'. ऐकणाऱ्या आईवडिलांना वाटते, हे एखादे दार असेल. एका अर्थी ते खरेच आहे. ट्रकच्या मागे खाली पाडता येणारा जो फाळका असतो, त्याचे हे इंग्रजी नाव. कॉलेजच्या फुटबॉल सामन्याआधी मैदानाबाहेर गाड्या लावायच्या, फाळका पाडून त्याचेच टेबल करायचे, शेजारी शेगडी पेटवायची आणि घरच्यांनी, मित्रांनी, शेजाऱ्यांनी मिळून जेवायचे. या पंगतीलाच आता टेलगेट म्हणतात.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे किंवा फेकायचे. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू, १०० यार्डांचे मैदान, १५ मिनिटांचे चार भाग. पण मध्ये इतके थांबे, की सामना संपायला साडेतीन तास सहज लागतात. कॉलेजांमधला पहिला सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढे खेळ फार हिंसक झाला म्हणून कोलंबिया विद्यापीठाने तो १९०५ मध्ये बंदच केला. बाबासाहेब १९१३ मध्ये तेथे शिकायला गेले तेव्हा कोलंबियाचा फुटबॉल संघ नव्हता. तो १९१५ मध्ये पुन्हा उभा राहिला.

आमच्या वाचकांनी समजून घ्यावी अशी परंपरा मात्र कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांची आहे.

बंद दारांबाहेर उभा राहिलेला खेळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून त्यांची स्वतंत्र कॉलेजे निघाली. त्यांच्यातला पहिला फुटबॉल सामना १८९२ च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील सॅलिसबरी येथे बिडल आणि लिव्हिंगस्टन या कॉलेजांत झाला, तोही पडत्या बर्फात. त्याच वर्षी जून महिन्यात न्यू ऑर्लिन्स येथे होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला आणि पकडला गेला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो वेगळ्या डब्यांच्याच बाजूने.

आज त्याच न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय कॉलेजांचा सर्वांत गाजलेला सामना भरतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'चा सण असतो. त्यानंतरच्या शनिवारी ग्रॅम्बलिंग आणि सदर्न ही लुईझियाना राज्यातील दोन विद्यापीठे समोरासमोर येतात. या सामन्याचे नाव 'बायू क्लासिक'. १९७४ मध्ये तो न्यू ऑर्लिन्समध्ये सुरू झाला आणि १९७५ पासून सुपरडोम या छत असलेल्या प्रचंड मैदानात होऊ लागला. ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात ४०८ सामने जिंकून दिले. मध्यंतरात लोक जागचे उठत नाहीत, कारण तेव्हा दोन्ही विद्यापीठांची बँड पथके मैदानात उतरतात. बँडची चढाओढ पाहायलाच कित्येक जण येतात.

शिदोरी हौसेची नव्हती

एकत्र प्रवास आणि सोबत घरचे जेवण, ही चाल कृष्णवर्णीय कुटुंबांत जुनी. वाटेतल्या खाणावळीत त्यांना आत घेत नसत, मुक्कामाला खोली देत नसत. म्हणून बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेले चिकन, उकडलेली अंडी, पाव आणि केक बांधून माणसे निघत. कुठल्या गावात कुणाच्या घरी थांबता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, हे सांगणारे 'ग्रीन बुक' नावाचे पुस्तक हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ मध्ये काढले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारे उघडली, तोपर्यंत ते पुस्तक लोकांच्या गाडीत असे.

बसचेही तसेच. सदर्न विद्यापीठ ज्या बॅटन रूज शहरात आहे, तेथे १९५३ च्या जून महिन्यात कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार घातला. पुढे मोकळ्या जागा असूनही मागे उभे राहावे लागे, हे त्याचे कारण. रेव्हरंड टी. जे. जेमिसन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी आपल्या खासगी गाड्या रस्त्यावर आणल्या आणि कामकऱ्यांना फुकट पोचवले. बहिष्कार काही दिवसच चालला आणि तडजोडीवर मिटला; पण १९५५ मध्ये माँटगोमेरीचा ३८१ दिवसांचा लढा उभा राहिला, तेव्हा गाड्यांची व्यवस्था कशी करावी हे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जेमिसन यांनाच विचारले.

आज त्या शहरातून सामन्याला बस निघते, तेव्हा कोणी कोणाला मागे बसवत नाही. पण व्यवस्था नीट लागते. ती कशी लावावी ते पाहू.

आधी बस, मग बेत

बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. एरवी दीड तास पुरतो; सामन्याच्या दिवशी अडीच धरावेत. समजा सामना दुपारी १ वाजता आहे. मग हिशेब उलटा करावा. १२ वाजता आवराआवर, म्हणजे साडेनऊला पोचायला हवे. म्हणजे ७ ला बस सुटली पाहिजे आणि साडेसहाला माणसे जमली पाहिजेत. सामना साडेचारच्या सुमारास सुटेल. गर्दी ओसरेपर्यंत साडेपाचला निघावे, रात्री ८ पर्यंत घरी.

ग्रॅम्बलिंगची गोष्ट निराळी. ते राज्याच्या उत्तर टोकाला, साडेचारशे किलोमीटरहून लांब. एका दिशेला जवळजवळ ५ तास. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे प्रवासी बसच्या चालकाला सलग ८ तास सुट्टी मिळाल्यावर १० तासांपेक्षा जास्त बस चालवता येत नाही आणि कामावर १५ तास भरल्यानंतर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. जाऊन-येऊन १० तास होतात. रस्त्यात जरा खोळंबा झाला की नियम मोडला. म्हणून लांबून येणाऱ्यांनी दुसरा चालक तरी घ्यावा, नाहीतर एक रात्र मुक्काम करावा. दमलेल्या चालकाच्या हाती पन्नास जीव देऊन वाचवलेले पैसे काय कामाचे?

बस ठरवताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : भाड्यात चालकाचा खर्च आहे का, मैदानाजवळ बस लावण्याचा परवाना कोण काढणार, सामना लांबला तर जादा तासाचे किती, आणि बस बिघडली तर दुसरी मिळेल का. आंतरराज्य बसच्या अंगावर 'यूएसडॉट' क्रमांक लिहिलेला असतो. त्यावरून त्या कंपनीची सुरक्षेची नोंद सरकारी खात्याकडे पाहता येते. शेगडीचा गॅस बसमध्ये न्यायला बहुतेक कंपन्या नकार देतात. तेव्हा शेगडी, कोळसा आणि तंबू एखाद्या ट्रकमधून पुढे पाठवावेत. फाळकाही तोच कामी येतो!

वर्गणी वेळेवर

पैशांचा हिशेब सर्वांसमोर असावा. समजा भाडे, परवाना आणि चालकाची बक्षिसी मिळून २,२०० डॉलर झाले आणि ४४ जण आहेत. माणशी ५० डॉलर. आयत्या वेळी आठ जण गळाले, तर उरलेल्या ३६ जणांवर माणशी ६१ डॉलर पडतात. म्हणून वर्गणीची शेवटची तारीख पाळावी, आणि न येणाऱ्याने आपल्या जागी दुसरा माणूस द्यावा. विद्यार्थी आणि म्हाताऱ्यांना सवलत द्यायची असेल तर ती आधीच ठरवावी. एकाने पैसे गोळा करावेत, दुसऱ्याने वही लिहावी.

शेगडी आणि बर्फाची पेटी

लुईझियानात टेलगेटला गंबो नावाचा दाट रस्सा, जांबालाया हा मसालेभात, भाजलेल्या बरगड्या आणि लाल राजमा-भात असतो. भारतीय विद्यार्थी छोले घेऊन गेले तरी भांडे रिकामेच परत येते. पण खबरदारी हवी. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे. त्यासाठी टोचून पाहायचे तापमापक स्वस्तात मिळते. थंड पदार्थ ४ अंशांच्या खाली ठेवावेत. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कच्च्या मांसाची पेटी आणि पाण्या-सरबताची पेटी वेगळी असावी. शेगडी तंबूखाली पेटवू नये, आणि निखारे पूर्ण विझवल्याशिवाय टाकू नयेत. प्रत्येक पार्किंगचे नियम निराळे असतात, काही ठिकाणी शेगडीच चालत नाही. ते आधी विचारावे. मैदानात बहुधा पारदर्शक पिशवीच चालते. बाकी सामान बसमध्ये कुलूपबंद ठेवावे.

जेवणाची ताटे मोजताना एक ताट चालकाचे धरावे. तो दिवसभर आपल्यासाठीच थांबलेला असतो.

बाटलीचा प्रश्न

टेलगेटला बिअर वाहते, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २१ वर्षांखालील मुलाला दारू विकत घेता येत नाही. परक्या देशात विद्यार्थी म्हणून राहणाऱ्या मुलाने पिऊन गाडी चालवली, तर दंड आणि तुरुंगावर भागत नाही. व्हिसा रद्द होऊ शकतो. घरदार गहाण ठेवून पाठवलेल्या मुलाचे शिक्षण एका संध्याकाळी संपू शकते. सर्वांची एक बस करण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, की परतताना कोणाही पाहुण्याला गाडी चालवावी लागत नाही. पण बस आहे म्हणून वाटेल तितके प्यावे, असा त्याचा अर्थ नव्हे. पाणी, सरबत आणि मुलांसाठी वेगळा कोपरा असला की कुटुंबासह आलेल्यांना संकोच वाटत नाही.

मोजून न्या, मोजून आणा

दर दहा माणसांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. तिच्याकडे नावे आणि फोन क्रमांक कागदावर असावेत, कारण हजारोंच्या गर्दीत फोन लागतोच असे नाही. बस कुठे उभी आहे आणि किती वाजता सुटणार, हे उतरण्यापूर्वी दोनदा सांगावे. परतताना नावे पुकारून मोजावे. 'आले असतील सगळे' या भरवशावर बस हलवू नये. आणि जागा सोडण्यापूर्वी कचरा उचलावा. आपल्यामागून येणाऱ्यालाही तेथेच बसायचे असते.

तुमचा मुलगा किंवा मुलगी फोनवर सांगेल, की या शनिवारी टेलगेटला चाललो आहोत. तेव्हा काळजीने नको म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा : बस कोणाची, चालक किती तासांचा, आणि परतताना माणसे कोण मोजणार? तिन्ही उत्तरे ठाम आली, तर खुशाल जाऊ द्या.