साडेपाच हजार प्रतींचं गणित

59 कोटी 10 लाख. 2023-24 या आर्थिक वर्षात भारतात गेम खेळणाऱ्यांची ही संख्या 'लुमिकाय' या गुंतवणूक संस्थेच्या अहवालातली आहे. त्याच वर्षाची उलाढाल 3.8 अब्ज डॉलर. या लेखापुरता डॉलर 85 रुपयांचा धरला, तर हे झाले 32,300 कोटी रुपये. खेळणाऱ्यांच्या संख्येने भागलं की माणशी, वर्षाला, साधारण 545 रुपये हातात उरतात.

त्यातही निम्म्याहून मोठा वाटा रमी, फँटसी क्रिकेट अशा पैसे लावून खेळायच्या प्रकारांचा होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा केला आणि ते दुकान बंद झालं. ते वजा केलं तर माणशी पावणेतीनशे रुपयेही भरत नाहीत, आणि त्यात जाहिरातींचं उत्पन्नही आलं. तेव्हा मीरा रोडला शांती नगरातल्या वन-बीएचकेत बसून कोणी स्वतःचा छोटा गेम बनवत असेल, तर हे 59 कोटी त्याचे गिऱ्हाईक नव्हेत. हे आधी मनाशी पक्कं केलेलं बरं.

मीरा-भाईंदर मुद्दाम निवडलं. अॅनिमेशन, एडिटिंग, जाहिरातींचं काम अंधेरी ते मालाड पट्ट्यात. ते काम करणारी पोरं मात्र भाड्यापायी दहिसरचा नाका ओलांडून पलीकडे राहतात. आणि गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः राहण्या-खाण्याचाच खर्च. बाकीचं जवळपास फुकट मिळतं. 'गोडो' हे इंजिन पूर्ण मोफत आहे, 'अनरियल' पहिल्या 10 लाख डॉलर उत्पन्नापर्यंत रॉयल्टी मागत नाही, 'ब्लेंडर'ला दमडी लागत नाही.

आता हिशेब मांडू. आकडे गृहीत आहेत, पण आवाक्यातले. दोघांची टीम: एक कोड लिहिणारा, एक चित्रं काढणारी. दोघांना महिन्याला 40-40 हजार, म्हणजे नोकरीत मिळाले असते त्याहून कमी. दीड वर्षाचे 14 लाख 40 हजार. संगीत, ट्रेलर आणि दोन भाषांतली भाषांतरं मिळून अडीच लाख. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान 'स्टीम', त्याची नोंदणी फी 100 डॉलर, म्हणजे साडेआठ हजार. एकूण 16 लाख 98 हजार 500.

किंमत ठेवली 9.99 डॉलर. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत मोजली की स्टीम आधी 30 टक्के कापून घेतं, उरतात जेमतेम 7 डॉलर. भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर 15 टक्के कर तिथेच कापला जातो. कराराचा फॉर्म नीट भरला नाही तर 30 टक्के. हातात येतात 505 रुपये. तोच गेम भारतात स्टीमच्या शिफारशीप्रमाणे 480 रुपयांच्या आसपास विकला जातो. त्यातून 18 टक्के जीएसटी आणि मग स्टीमचा वाटा गेला की उरतात 285. शिवाय दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागायची मुभा प्रत्येकाला आहे, आणि बरेचसे लोक सेल लागेपर्यंत थांबतात. सगळं धरून प्रतीमागे सरासरी 300 रुपये पडले तर गड जिंकला म्हणायचं.

16,98,500 भागिले 300. म्हणजे 5,662 प्रती. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 होती. तिच्या एक टक्क्याहूनही कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एवढं झालं तरी नफा शून्यच, फक्त दीड वर्षाचा खर्च भरून निघाला. धंद्यातल्या लोकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: स्टीमवर एका रिव्ह्यूमागे साधारण 30 प्रती खपलेल्या असतात. त्या हिशेबाने गेमच्या पानावर 190 रिव्ह्यू दिसले, तर बनवणारे बरोबरीत सुटले असं समजायचं.

अडचण आहे गर्दीची. 2013 मध्ये स्टीमवर वर्षभरात पाचशेच्या आसपास गेम आले होते. जून 2017 मध्ये निवड-मतदानाची जुनी पद्धत बंद करून 100 डॉलर भरणाऱ्या कोणालाही दार उघडलं गेलं. 2024 मध्ये 18 हजारांहून अधिक गेम आले. म्हणजे दिवसाला पन्नास, रविवार आणि दिवाळी धरून. म्हणून विक्रीची लढाई प्रकाशनाच्या कित्येक महिने आधी सुरू होते. गेमचं पान लवकर टाकायचं, लोकांनी तो विशलिस्टमध्ये घालावा म्हणून धडपडायचं. सात हजारांच्या आसपास विशलिस्ट जमल्या की 'लवकरच येणारे' या यादीत दिसायची आशा धरता येते, असं अनुभवी मंडळी सांगतात. वर्षातून तीनदा स्टीमवर 'नेक्स्ट फेस्ट' हा डेमोंचा उत्सव भरतो, तिथे आपला डेमो ठेवता येतो. पण एका गेमला ही संधी एकदाच. डेमो कच्चा असताना ती वापरून टाकली की संपलं.

कमी विशलिस्टवर अडून राहिलेला गेम बहुतेक जण आणखी घासूनपुसून चकचकीत करायला घेतात. इथे एक आकडा भिंतीवर लिहून ठेवावा: 267. दोघांचा महिन्याचा खर्च 80 हजार, भागिले 300. प्रत्येक लांबलेल्या महिन्याला 267 जास्त गिऱ्हाइकं शोधावी लागतात. सहा महिने लांबलं तर सोळाशे.

मग छोटा गेम करावा का? आठ महिन्यांत, दीड लाखाच्या वरखर्चात? एकूण खर्च 7 लाख 98 हजार 500 वर येतो. पण छोट्या गेमला लोक 4.99 डॉलरच देतात, म्हणजे प्रतीमागे 150 रुपये. भागाकार येतो 5,323. खर्च निम्म्याहून खाली आला, गिऱ्हाइकं मात्र जवळपास तेवढीच लागतात! तरीही मी छोट्याच्याच बाजूने आहे. गेम पडला तर सतराऐवजी आठ लाख बुडतात, आणि पहिल्याला मिळालेली चारशे का होईना माणसं दुसऱ्याच्या वेळी ओळखीची असतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पुण्यात आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 2017 मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 1 लाख 20 हजार पौंड मागितले, लक्ष्य गाठलं गेलं नाही, आणि तिथला नियम असा की लक्ष्य हुकलं की एक पौंडही मिळत नाही. सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. 18 ऑगस्ट 2020 ला गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या स्वतंत्र गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. सारा खेळ चार-पाच तासांचा. या फ्लॅटची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. मला ती भांडवल नसल्याची गोष्ट वाटते. ज्यांच्याकडे विकायला फ्लॅट नसतो त्यांचे गेम आपल्यापर्यंत येतच नाहीत, आणि मीरा रोडला बहुतेकांचा फ्लॅट बँकेकडे गहाण असतो.

स्टीम नको, मोबाइल बरा, असं सुचवणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. गूगल प्लेची फी 25 डॉलर, तीही एकदाच. पहिल्या 10 लाख डॉलरवर वाटा 15 टक्के. स्वस्तच की. पण नोव्हेंबर 2023 पासून नव्या वैयक्तिक खात्याला एक अट लागली: 20 परीक्षकांनी सलग 14 दिवस चाचणीत राहायचं, मगच प्रकाशनाची परवानगी. डिसेंबर 2024 मध्ये 20 चे 12 झाले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "प्लीज, अॅप काढू नका, अजून नऊ दिवस राहिलेत" अशी विनवणी करायची वेळ येते ती यामुळे. दोघे चाचणीतून बाहेर पडले आणि संख्या बाराच्या खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि गेम मराठीत करायचा म्हटलं तर? इथे आकडा नाही, पण किस्सा सांगण्यासारखा आहे. 'युनिटी' या इंजिनमध्ये मजकूर दाखवायची जी नेहमीची सोय आहे, टेक्स्टमेशप्रो, तिला देवनागरीची जुळणी येत नाही. 'किल्ला' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते, आणि जोडाक्षर फुटून हलन्त ल वेगळा पडतो. जुगाड करावे लागतात. ते करण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. मार्च 2023 मध्ये आलेल्या 'गोडो 4'मध्ये हे मुळातूनच नीट दिसतं. मराठी गेमचा विचार असेल तर इंजिन निवडतानाच हे बघावं, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मराठीचा बाजार लहान आहे, पण घरची गोष्ट परदेशात खपत नाही असं मुळीच नाही. टोरांटोतल्या 'विसाई गेम्स'चा 'वेन्बा' जुलै 2023 मध्ये आला. तमिळ घर, इडली आणि आईच्या हातची वही, एवढ्यावर उभा असलेला हा गेम एका बैठकीत संपतो. 2024 मध्ये त्याला बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. घावन किंवा भंडाऱ्यावर असा गेम निघायला हरकत काय?

दुकानं बदलून बघायची तर 'इच डॉट आयओ'वर वाटा किती द्यायचा हे तुम्हीच ठरवता, आणि जून 2025 पासून 'एपिक' दर गेममागे वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर काहीच घेत नाही. पण गिऱ्हाईक स्टीमवर आहे. तिथेही महिन्याच्या पाच तारखेला गेम आला, तर त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघतात. तोवर घरमालक थांबत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केलं: 2050 पर्यंत 3,268 कोटी रुपये. पार्क, प्रशिक्षण, गुंतवणूक, सगळं आहे. त्यातला एकच टक्का, म्हणजे 32 कोटी 68 लाख, दोघांच्या टीमना थेट दिला, तर वरच्या हिशेबाने दीड-दीड वर्षाचे 192 गेम पूर्ण होऊ शकतात.