मण्यांची वारी: फिरणं, भेटणं आणि हिशेब



मण्यांचं काम करणाऱ्या ताईंचं वर्ष पंचांगावर चालतं. श्रावणात राख्या, भाद्रपदात गौरींच्या कंठ्या, दिवाळीला तोरणं. तुळशीचं लग्न झालं की मोत्यांच्या मुंडावळ्या आणि रुखवत, मग संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू. प्रत्येक सणाआधी मणी आणायला बाजाराची फेरी आणि सणाच्या तोंडावर प्रदर्शनाची फेरी. मध्ये मैत्रिणींची बैठक असतेच, कारण मणी एकट्याने ओवायला कंटाळा येतो.

माझ्या बॅचमधल्या साताऱ्याकडच्या एका ताईंचं वर्ष असंच जातं. छंद म्हणून सुरुवात केली, आता सहा-सात जणींचा गट आहे. यंदा घरातून प्रश्न आला, "एवढं फिरतेस, पण वर्षाच्या शेवटी हातात काय उरतं?" ताई मला म्हणाल्या, "मॅडम, उत्तर देता येईना. आता जाणंच बंद करू का?"

मंडळी, हा प्रश्न खूप जणींचा आहे. म्हणून आज फिरण्याचा हिशेब मांडू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या वहीत तुमचे घाला.

पहिली फेरी: खरेदीची

पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर. मण्यांच्या माणसाला इथे गेलं की घड्याळ दिसत नाही. माल स्वस्त मिळतो हे खरं, पण तिकिटाचे पैसे त्यात धरले का?

समजा, एकटीचं जाणं-येणं आणि खाणं मिळून 800 रुपये झाले. खरेदी केली 4,000 ची. गावातल्या दुकानापेक्षा 800 वाचले. म्हणजे फायदा शून्य, वर दिवस गेला.

आता गटाने यादी केली आणि फक्त दोघी गेल्या. खर्च 1,600, खरेदी 20,000 ची, वाचले 4,000. खर्च वजा जाता 2,400 उरले. तेच दुकान, तोच माल, बदललं फक्त नियोजन. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेही धरा.

दोन गोष्टी यादीत पक्क्या लिहा. एक, मण्याचा नंबर. सीड बीड्समध्ये नंबर मोठा तसा मणी बारीक. 8 नंबरचा साधारण 3 मिलिमीटर, 11 नंबरचा साधारण 2. नुसतं "बारीक लाल" लिहिलंत तर भलताच माल घरी येईल. दोन, ऑर्डर मोठी असेल तर एका रंगाचा सगळा माल एकाच वेळी घ्या. पुढच्या लॉटमध्ये तोच रंग थोडा वेगळा येतो आणि तोरण मध्येच फिकट दिसतं.

दुसरी फेरी: प्रदर्शनाची

पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईतलं बचत गटांचं महालक्ष्मी सरस, फेब्रुवारीत हरियाणातला सूरजकुंड मेळा. नावं ऐकली की जावंसं वाटतं. पण अर्ज भरायच्या आधी एक आकडा काढा: किती विक्री झाली की खर्च निघेल?

समजा, तुमच्या 100 रुपयांच्या वस्तूत 25 रुपये साहित्य आणि 35 रुपये तुमची मजुरी आहे. मजुरी धरायचीच, ताई! रात्री अकरापर्यंत डोळे फोडून ओवता ते फुकट नाही. उरले 40. याच 40 मधून प्रदर्शनाचा खर्च भागवायचा आहे.

तीन दिवसांच्या स्टॉलचं भाडं 9,000, प्रवास-मुक्काम 2,400, चहापाणी-पॅकिंग 600. एकूण 12,000. म्हणजे 30,000 ची विक्री झाली तर खर्च निघाला, त्यापुढे नफा.

तिघींनी मिळून स्टॉल घेतला तर भाडं 3,000 वर येतं, खोली वाटून घेतल्यावर प्रवास-मुक्काम 1,800. चहापाणी तेवढंच. एकूण 5,400. आता 13,500 च्या विक्रीला खर्च निघतो. शिवाय एक जेवायला गेली तरी स्टॉल उघडा राहतो. फक्त तिघींचा माल वेगळा हवा: एकीची तोरणं, एकीचे दागिने, एकीचं रुखवत. स्टॉल वाटून घ्यायला आयोजकांची परवानगी आहे ना, ते आधी विचारा. परराज्यात विकायला जाणार असाल तर जीएसटीचं तुमच्या सीएला विचारूनच निघा. हस्तकला कारागिरांचं सरकारी 'पहचान' ओळखपत्र काढून ठेवा, सरकारी प्रदर्शनांना अर्ज करताना कामी येतं.

तिसरी फेरी: बैठकीची

घरच्यांना हीच सगळ्यात बिनकामाची वाटते. चार जणी जमल्या, पोहे खाल्ले, गप्पा मारल्या. मी म्हणते, खर्च सगळ्यात कमी आणि कमाई सगळ्यात जास्त इथेच आहे. खरेदीची यादी इथे होते, स्टॉलची भागीदार इथे भेटते. 200 मुंडावळ्यांची ऑर्डर आली तर एकटी नाही म्हणेल, गट हो म्हणू शकतो.

भिशीसारखी शिस्त ठेवा. महिन्याची तारीख ठरलेली, घर आळीपाळीने. पहिला तास कामाचा: पुढच्या सणाची यादी, कोणाकडे काय शिल्लक, कोण बाजारात जाणार. नंतर गप्पा. आणि एक नियम पहिल्याच दिवशी बोलून घ्या: एकीचं डिझाइन दुसरीने विचारल्याशिवाय विकायचं नाही. टाका शिकवायला हरकत नाही, पण तयार नमुना ज्या हाताचा त्याच हाताचा. या न बोललेल्या गोष्टीवरून चांगले गट फुटलेले मी पाहिलेत.

साताऱ्याकडच्या त्या ताईंनी वही घेऊन वर्षभराच्या फेऱ्या मांडल्या. दोन प्रदर्शनं खर्चही काढत नव्हती, ती यंदा सोडली. एक स्टॉल मैत्रिणीसोबत घेतला. बाजाराला आता गटातल्या दोघी आळीपाळीने जातात. बैठक मात्र एकही चुकवायची नाही असं ठरलंय. घरच्या प्रश्नाला त्यांनी वहीच पुढे केली.

तुम्ही काय करायचं? आज एका पानावर तीन रकाने आखा: खरेदी, प्रदर्शन, बैठक. मागच्या दिवाळीपासूनची प्रत्येक फेरी लिहा, समोर खर्च आणि त्यातून काय आलं ते. ज्या फेरीसमोरची जागा रिकामी राहते तिथे मजेसाठी जायला माझी ना नाही. फक्त तो खर्च धंद्याच्या गल्ल्यातून करू नका.