सफरचंदाच्या मुळाची साल

मामांच्या लघवीच्या रिपोर्टवर साखरेपुढे चार अधिक चिन्हं होती. मामींचा चेहरा पडला. आदल्याच महिन्यात गोळी बदललेली, उपाशीपोटी रक्तातली साखर १२२, मग लघवीत एवढी कुठून आली? लॅबमधल्या मुलीनंही पट्टी दोनदा बुडवून पाहिली होती. दोन्ही वेळा ती तपकिरी झाली. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "गोळी न चुकता घेताय, कळलं."

लघवीतली साखर म्हणजे मधुमेह, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. रोगाचं नावच तसं आहे. लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आयुर्वेदात जुनं आहे. माझ्या लहानपणी नळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घालून वर लघवीचे थेंब टाकून तापवायचे. ते हिरवं, पिवळं होत वीटकरीवर गेलं, की घरातला चहा बिनसाखरेचा व्हायचा. आता तोच वीटकरी रंग औषध लागू पडल्याची खूण झालाय.

मूत्रपिंड हा भलता चिक्कू कारभारी. दिवसभरात साधारण १८० लिटर पाणी तो रक्तातून गाळतो आणि त्याबरोबर १६० ते १८० ग्रॅम ग्लुकोजही. पण निरोगी माणसाच्या लघवीत त्यातलं जवळपास काहीच उतरत नाही. गाळणीपुढच्या नळीच्या पहिल्याच वळणावर एसजीएलटी-२ नावाची प्रथिनं बसलेली असतात. ती सोडियमच्या जोडीनं सुमारे ९० टक्के साखर परत ओढून घेतात. उरलीसुरली पुढे एसजीएलटी-१ वेचतं. रक्तातली साखर १८०च्या आसपास चढली, की त्यांचे हात अपुरे पडतात आणि साखर सांडते. गंमत अशी, की मधुमेहात हा कारभारी सैल होत नाही, उलट अधिकच घट्ट धरतो. मामांची गोळी एसजीएलटी-२चे हात बांधते. मग दिवसाला ६० ते ८० ग्रॅम साखर, म्हणजे पोह्याचे पाच-सहा चमचे, निमूटपणे बाहेर जाते. त्यासाठी इन्शुलिनची मनधरणी करावी लागत नाही.

या गोळीचं मूळ शब्दशः झाडाच्या मुळात आहे. १८३५ साली बेल्जियममध्ये द कोनिंक आणि स्टास या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून एक कडू पदार्थ काढला: फ्लोरायझिन. ग्रीकमध्ये फ्लोइऑस म्हणजे साल, रिझा म्हणजे मूळ. सिंकोनाची साल कडू आणि हिवतापावर चालते, मग ही का चालू नये, असा तेव्हाचा हिशेब. हिवताप काही त्यानं हटला नाही. १८८६मध्ये योसेफ फॉन मेरिंगनं ते कुत्र्यांना दिलं आणि त्यांच्या लघवीतून साखर वाहू लागली. याच मेरिंगनं तीन वर्षांनी मिंकोव्स्कीबरोबर कुत्र्याचं स्वादुपिंड काढून खरा मधुमेह दाखवला. तो शोध पाठ्यपुस्तकांत गेला. फ्लोरायझिन मात्र प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलं, जनावरांत नकली मधुमेह उभा करण्यापुरतं. रोगाची नक्कल करणारी वस्तू रोगावर चालेल, हे सुचायला शंभर वर्षं लागली. मला याचं नवल वाटत नाही. लघवीतली साखर वाईट, हे एकदा डोक्यात बसलं की ती मुद्दाम वाढवायचं धाडस कोण करणार?

१९८७मध्ये अमेरिकेत राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी ते केलं. अर्धवट स्वादुपिंड उरलेल्या मधुमेही उंदरांना त्यांनी फ्लोरायझिन दिलं. साखर लघवीवाटे गेली, रक्तातली उतरली आणि उंदरांच्या शरीरावर इन्शुलिन पुन्हा नीट चालू लागलं. साठलेली साखर स्वतःच विषासारखी वागते, हे त्यातून ठसलं.

पण गोळी करायची तर अडचण होती. फ्लोरायझिन पोटात गेलं की आतड्यातच तुटतं. ते तोडतं कोण? दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज. त्याचं जोडनावच लॅक्टेज-फ्लोरायझिन हायड्रोलेज आहे. शिवाय फ्लोरायझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१लाही अडवतं, म्हणजे जुलाब. रसायनशास्त्रज्ञांनी मग रेणूतला ऑक्सिजनचा सांधा काढून कार्बनचा बसवला. तो आतड्याला तोडता येईना. त्यातून डॅपाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही भावंडं आली. डॅपाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२मध्ये परवानगी मिळाली.

खरा धक्का २०१५चा. मधुमेहाच्या नव्या औषधानं हृदयाला अपाय होत नाही हे दाखवा, अशी अमेरिकी नियामकांची अट होती. त्यासाठी ७,०२० रुग्णांवर एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. अपाय राहिला बाजूला, हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले. पुढे मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांना आणि किडनीच्या रुग्णांनाही फायदा दिसला. किडनीतलं एक कारण समजण्यासारखं आहे: सोडियम पुढे सरकलं, की आत येणारी रक्तवाहिनी आकसते आणि गाळणीवरचा दाब उतरतो. सुरुवातीला क्रिएटिनिन जरासं वर जातं ते त्यामुळेच. घाबरून गोळी बंद करणारे तिथेच फसतात.

भारतात २०२०मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, कंपन्यांची रांग लागली आणि गोळी मामांच्या खिशात आली. फुकट मात्र काही नसतं. गोड लघवीमुळे जननेंद्रियांवर बुरशी येते, आणि आपल्याकडे ते कोणी मोकळेपणी सांगत नाही. दुसरा धोका अधिक कपटी: साखर फारशी न वाढताच रक्तात कीटोन साचून आम्लता वाढते. उलट्या, धाप, पोटदुखी, पण ग्लुकोमीटर शांत. शस्त्रक्रियेआधी ही गोळी किमान तीन दिवस थांबवतात ती म्हणूनच. मग नवरात्रात नुसत्या पाण्यावर नऊ दिवस काढणाऱ्यांनी काय करावं? डॉक्टरांना आधी विचारावं. साबुदाण्याची खिचडी चापून केलेल्या उपासाचं दुखणं निराळं.

मामा एकादशी धरतात. आषाढीच्या आदल्या दिवशी मामींनी डॉक्टरांना फोन लावला. मामा आतून ओरडले, "विचार त्यांना, शेंगदाण्याचा लाडू चालतो का!"