मांडवाखालचं कर्ज

या आठवड्यात धवलेरीबद्दल, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या वारली बाईबद्दल, लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर जातंय, कारण बोर्डीच्या एका वाचकाचा प्रश्न बाजूला सारवत नाही. वारली जोडपी पुष्कळदा आधी एकत्र राहू लागतात, मुलंबाळं होतात आणि पैसे जमले की मांडव घालतात, हे मागच्या लेखात आलं होतंच. प्रश्न असा, की संसार मांडवावाचून चालत होता, तर लग्नापायी माणसं सावकाराच्या दारात जन्मभर का राबली?

हा लग्नगड्यांचा प्रश्न.

लग्नासाठी कर्ज काढलं की वारली तरुण सावकाराचा लग्नगडी होई. फेड अंगमेहनतीने करायची. पण वही सावकाराकडे, वाचता कुणालाच येत नाही, मग फिटलं हे ठरवणार कोण? शिवाय कर्ज एकट्याने काढलेलं असलं तरी राबायला दोघं. नवरी नवऱ्याच्या घरी येई तीच सावकाराच्या कामावर. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारं लिहून ठेवलंय. डहाणू-तलासरीत राहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावंच.

वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सावकाराच्या वहीत नाही, घरातल्या भिंतीवर आहे. एकत्र राहायचं ते दोघं ठरवतात. पण सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते, धवलेरी गाते, तेव्हा ते दोघं कुळाचे होतात. पोरांची लग्नं करायची तर आधी आईबापांचं लागलेलं हवं. म्हणून कधी एकाच मांडवात दोन पिढ्यांची लग्नं लागतात. लग्न लांबवता येई, सोडून देता येत नसे. सावकाराला हे पक्कं ठाऊक होतं. आपल्या माणसांत गणलं जाण्याची ओढ, हेच त्याचं तारण होतं.

ही गुलामी मोडायला सुरुवात झाली ती २३ मे १९४५ रोजी, तलासरी तालुक्यातल्या झरीला किसान सभेची परिषद भरली तेव्हा. सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पुढे लोकच जथ्याने जमीनदारांच्या दारी गेले आणि लग्नगडी सोडवून घरी घेऊन आले. गोदूताई, म्हणजे याच गोदावरी परुळेकर, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. पण त्या पाड्यावर राहिल्या, वारल्यांच्या झोपडीत निजल्या, त्यांचं ऐकत गेल्या. सोडवणूक लोकांच्या हातून व्हावी, हा आग्रह त्यांच्या विद्वत्तेपेक्षा मोठा वाटतो. लोकांनीही जीव लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोदूताईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा उठली, तेव्हा तलवाड्याला हजारो वारली धावून आले. १० तारखेला पोलिसांनी या जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण मेले.

वेठबिगारीविरुद्धचा देशभराचा कायदा १९७६ चा, म्हणजे झरीनंतर तीसहून अधिक वर्षांनी आला.

लग्नगडी आज उरले नाहीत, पण लग्नासाठी उचल घेण्याची वेळ अजून येते. पालघर जिल्ह्यातली आदिवासी जोडपी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मजूर एकटा मोजत नाहीत, जोडी मोजतात. चिखल मळायला एक, विटा थापायला दुसरं. पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो, आणि वही अजूनही बहुतेक मालकाकडेच असते.