कराची–मुंबई : सव्वासात तास

विमानांच्या जुन्या मार्गांचं मला कित्येक वर्षांचं वेड आहे, आणि त्यातही कराची–मुंबईचं अधिक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी या मार्गावर टपाल आणलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. सकाळी ६.३५ला कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघालेलं पस मॉथ विमान दुपारी १.५०ला जुहूला उतरलं. एक इंजिन, रेडिओ नाही. वाटेत अहमदाबादला थांबावं लागलं, तिथे पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले. हे सगळं धरून सव्वासात तास.

पण या मार्गाचं श्रेय मी आधी नेव्हिल व्हिन्सेंटला देतो. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, ब्रिटिश हवाई दलातला हा वैमानिक भारतात लोकांना विमानाची सैर घडवत फिरत होता. लंडनचं टपाल विमानाने कराचीपर्यंत येतं आणि पुढे आगगाडीत रखडतं, हे त्याने हेरलं आणि योजना घेऊन टाटांकडे आला. सरकारने मात्र अनुदानावरून काही वर्षं घोळ घातला. शेवटी टाटांनी अनुदानाचा हट्ट सोडला, तेव्हा कुठे १९३२च्या एप्रिलमध्ये करार झाला. जे. आर. डीं.नी जुहूला आणलेलं टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला नेलं ते व्हिन्सेंटनेच. त्याचं नाव आपल्याकडे कुणाला आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असं अख्खं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि येरवडा जेलजवळच्या मैदानावरून उड्डाणं व्हायची. सह्याद्रीवरच्या त्या ढगांतूनही पहिल्या वर्षभरात टपाल एकदाही चुकलं नाही. सरकारच्याच विमान खात्याने या वक्तशीरपणाची तोंडभरून तारीफ केली. पुढे १९४२च्या जानेवारीत, पुण्यात विमान कारखाना काढायच्या खटपटीत असलेला व्हिन्सेंट इंग्लंडहून परतताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमानासह नाहीसा झाला.

त्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६मध्ये. म्हणजे तो प्रवास एकाच प्रांतातल्या दोन शहरांमधला. फाळणीनंतरही ही हवाई वाट अनेक वर्षं चालू राहिली, मध्ये युद्धांमुळे तुटत, पुन्हा जुळत. १९८२मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी तेच उड्डाण पुन्हा करून दाखवलं.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, जेटला जेमतेम दीड-पावणेदोन तासांचं. पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने २०१७मध्ये ही सेवा थांबवली. एप्रिल २०२५मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. दुबईमार्गे जायचं तर सुमारे ३,१०० किलोमीटर पडतात. हवेतले पाच तास आणि दुबईतलं दोन-अडीच तासांचं थांबणं जमेस धरलं, की १९३२च्या पस मॉथएवढाच वेळ लागतो, बहुधा जास्तच.

कराचीत आजही मराठी कुटुंबं आहेत, ती गणपती बसवतात. त्यांच्या मुंबईतल्या नातलगांसाठी तरी, आठवड्यातून एक का होईना, थेट विमान सुरू व्हायला हवं.